आमदारांची गावभेट: निवेदन लिहिण्यापासून कार्यादेश निघेपर्यंत

आमदार गावात येणार असे कळले की आपल्याकडे तयारीची सुरुवात मंडप, हार आणि स्वागत कमानीपासून होते. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावात युवक मंडळाचा कार्यकर्ता म्हणून आणि पुढे देवस्थान पंच कमिटीचा सदस्य म्हणून मी असे अनेक कार्यक्रम उभे केले आहेत. त्यांपैकी एक कार्यक्रम मनातून जात नाही. त्या दिवशी सत्कारांना दीड तास लागला. शाल आणि श्रीफळ देण्यासाठी नावे पुकारली जात होती, आणि पाण्याचे निवेदन घेऊन डोंगराकडच्या वाडीतून चालत आलेल्या बायका मंडपाच्या कडेला उभ्या होत्या. आमदारांना पुढच्या गावी जायचे होते, म्हणून निवेदन शेवटी गाडीच्या खिडकीतून आत दिले गेले. त्याची पोच नव्हती, प्रत नव्हती, ते कोणाकडे गेले याची नोंदही नव्हती. चूक आम्हा आयोजकांची होती. त्यानंतर आम्ही कार्यक्रमाची पद्धत बदलली, आणि तीच पद्धत इतर गावांतील मंडळे, पंच कमिट्या आणि महिला मंडळांना उपयोगी पडावी म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

मतदारसंघ आणि कार्यक्रमाचे स्वरूप

आपले गाव कोणत्या विधानसभा मतदारसंघात आहे, हे आधी नक्की करावे. हे सांगण्याची गरज वाटत नसली तरी बेळगाव शहराभोवतीच्या गावांत हा घोळ नेहमी होतो, कारण तालुक्याची हद्द आणि मतदारसंघाची हद्द एक नाही. उचगाव बेळगाव ग्रामीण मतदारसंघात आहे, येळ्ळूर बेळगाव दक्षिणमध्ये, तर कडोली आणि काकती ही बेळगाव तालुक्यातील गावे यमकनमर्डी मतदारसंघात मोडतात. बेळगाव जिल्ह्यात एकूण १८ विधानसभा मतदारसंघ आहेत. त्याशिवाय विधान परिषदेचे सदस्यही असतात. वायव्य पदवीधर आणि वायव्य शिक्षक मतदारसंघांत बेळगाव, विजयपूर आणि बागलकोट हे जिल्हे येतात. शाळेचा किंवा शिक्षकांचा प्रश्न असेल तर या सदस्यांनाही बोलावता येते, आणि ही गोष्ट गावांच्या फारशी ध्यानात येत नाही.

त्यानंतर कार्यक्रम कोणाचा, हे ठरवावे. सरकारी कामाचे भूमिपूजन किंवा उद्घाटन हा त्या त्या खात्याचा कार्यक्रम असतो; तेथे शिष्टाचार पाळावा लागतो, ग्रामपंचायतीचे अध्यक्ष आणि इतर लोकप्रतिनिधी यांची नावे पत्रिकेवर ठरलेल्या क्रमाने येतात आणि सुरुवात नाडगीताने, म्हणजे कर्नाटकाच्या राज्यगीताने होते. गावाने आमदारांना तक्रारी ऐकण्यासाठी बोलावणे हा गावाचा कार्यक्रम असतो. पक्षाचा मेळावा ही तिसरी आणि पूर्णपणे वेगळी बाब आहे. ही तिन्ही स्वरूपे एकत्र केली की विरोधी गटाचे लोक घरी बसतात आणि त्यांच्या गल्लीची गटार कोणाच्याच यादीत येत नाही. म्हणून गावभेटीचे निमंत्रण पंच कमिटी, युवक मंडळ, महिला मंडळ आणि ग्रामपंचायत सदस्य अशा सर्वांच्या सहीने द्यावे आणि मंडपात कोणत्याही पक्षाचा झेंडा लावू नये. निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली असेल तर भूमिपूजन किंवा नव्या कामांची घोषणा करता येत नाही, त्यामुळे अशा काळात गावभेट ठेवूच नये.

दिवस आणि वेळ

तारीख मागण्यापूर्वी गावाचे वेळापत्रक पाहावे. भाताच्या रोप लावणीच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैमध्ये, खानापूर, जांबोटी आणि कणकुंबीकडे माणसे शेतातच असतात, आणि पावसामुळे मंडपही टिकत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत दुपारची वेळ निरुपयोगी ठरते. पारायण सप्ताह, ग्रामदेवतेची यात्रा आणि वैशाखातील शिवजयंती या तारखा टाळाव्यात. १ नोव्हेंबर (काळा दिन) आणि १७ जानेवारी (हुतात्मा दिन) या तारखाही टाळाव्यात. सीमाभागातील मराठी माणसासाठी या दोन्ही दिवसांना स्वतःचा अर्थ आहे, आणि रस्ता-पाण्याच्या बैठकीला त्या दिवशी वेगळेच वळण लागते.

तारखेचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हलगा-बस्तवाड येथील सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी झाले आणि कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरमध्ये तेथे भरते. सभागृहात प्रश्न विचारायचा असेल तर आमदारांना त्याची लेखी सूचना आगाऊ द्यावी लागते. म्हणून एकट्या गावाच्या पलीकडचा विषय असेल, उदाहरणार्थ मराठी शाळांतील रिक्त शिक्षकपदे, वन खात्याच्या हद्दीतून जाणारा रस्ता किंवा हत्ती आणि गव्यांनी केलेल्या पिकांच्या नुकसानीची भरपाई, तर गावभेट ऑक्टोबरमध्ये किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला ठेवावी. राज्याचे अंदाजपत्रक साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते, त्यामुळे मोठ्या खर्चाच्या मागण्यांनाही हीच वेळ सोयीची असते.

तारखेसाठी आमदारांच्या कार्यालयात लेखी पत्र द्यावे आणि स्वीय सहायकांकडून त्यावर पोच घ्यावी. पत्रात कार्यक्रमाची लांबी स्पष्ट लिहावी: “एकूण दोन तास, त्यांपैकी सव्वा तास निवेदने ऐकण्यासाठी.” कोणत्या खात्यांचे अधिकारी हवेत तेही त्याच पत्रात नमूद करावे, कारण आमदारांच्या कार्यालयातून निरोप गेला तर अधिकारी येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

तक्रारी गोळा करणे

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी गल्लीनिहाय आणि वाडीनिहाय बैठका घ्याव्यात. मंदिरासमोर सर्वांना एकदाच बोलावले तर तेच चार-पाच जण बोलतात. महिलांची बैठक स्वतंत्र आणि त्यांच्या वेळेला, म्हणजे संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी किंवा स्वसाहाय्य गटाच्या बैठकीला जोडून घ्यावी. आमच्या गावात पाणी किती वाजता येते आणि किती घागरी मिळतात हे पुरुषांनी कधीच नेमके सांगितले नव्हते. ते पहिल्यांदा कळले महिलांच्या बैठकीत. गवळीवाड्यात किंवा धनगरवाड्यात आयोजकांनी स्वतः जाऊन बसावे, त्यांना गावात येण्याचा निरोप पाठवून मोकळे होऊ नये.

आलेल्या तक्रारींचे दोन ढीग करावेत. एका ढिगात वैयक्तिक कामे: पेन्शन, रेशन कार्ड, उताऱ्यातील चुकीचे नाव, जात आणि उत्पन्नाचा दाखला, महिलांसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेचे थांबलेले पैसे. दुसऱ्या ढिगात सार्वजनिक कामे. वैयक्तिक कामांसाठी आमदारांचा वेळ घालवू नये, पण ती सोडूनही देऊ नयेत. त्यांतील पुष्कळ सेवा कर्नाटकच्या २०११ च्या सकाल (सेवा हमी) कायद्याखाली येतात. अर्ज दिल्यावर पोचपावतीवर १५ अंकी जीएससी क्रमांक मिळतो, ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते आणि विलंबाबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. रक्कम लहान आहे, पण क्रमांक हाती असलेला अर्जदार आणि नुसता हेलपाटे घालणारा अर्जदार यांना कार्यालयात मिळणाऱ्या उत्तरात मोठा फरक पडतो. सरकारच्या जनस्पंदन योजनेच्या १९०२ या दूरध्वनी क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. गावभेटीच्या दिवशी मंडपात या वैयक्तिक कामांसाठी स्वतंत्र टेबल ठेवावे आणि शक्य असेल तर तलाठी व पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांना तेथेच बसण्याची विनंती करावी.

सार्वजनिक कामांच्या ढिगात प्रत्येक कामापुढे ते कोणाच्या अखत्यारीत आहे ते लिहावे. गावातील गटारी, पथदीप आणि अंतर्गत रस्ते मुख्यतः ग्रामपंचायतीचे असतात. दोन गावांना जोडणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आहे की पंचायत राज अभियांत्रिकी विभागाकडे, हे तालुक्याला जाऊन विचारून घ्यावे, कारण एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात वर्षे जातात. विजेचे खांब आणि ट्रान्सफॉर्मर हेस्कॉम या वीज कंपनीचे, बसफेरी वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या आगाराची, शाळा बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची. आमदार हा विधिमंडळाचा सदस्य असतो. तो खात्यांकडे पाठपुरावा करू शकतो, सभागृहात प्रश्न उपस्थित करू शकतो आणि आपल्या स्थानिक विकास निधीतून कामे सुचवू शकतो. या निधीची तरतूद दरवर्षी प्रत्येक सदस्यामागे २ कोटी रुपये आहे आणि कामांना मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मिळते. एका मतदारसंघातील गावांची संख्या लक्षात घेतली तर आपल्या एका गावाच्या वाट्याला किती येऊ शकते याचा अंदाज बांधता येतो, आणि मागणीचा आकारही त्या अंदाजानेच ठरवावा.

शेवटी यादीतून पाचच सार्वजनिक मागण्या निवडाव्यात. हे काम कठीण आहे आणि त्यावर गावात वाद होतात, तरीही ते टाळू नये. पंचवीस मागण्यांचे निवेदन दिले तर सर्वात सोपी एक पूर्ण होते, आणि ती बहुधा कमानीची असते.

निवेदन कसे लिहावे

माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमाचे यश या एका कामावर अवलंबून आहे. एका कागदावर एकच मागणी असावी. पाच मागण्या एका कागदावर लिहिल्या तर तो कागद पाच खात्यांत फिरू शकत नाही आणि कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतो.

भाषेचा प्रश्न येथे उभा राहतो आणि तो मनापासून समजून घ्यायला हवा. संविधानाच्या कलम ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या तक्रारीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. म्हणून मराठीतून निवेदन देणे हा आपला हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र तालुका आणि जिल्हा कार्यालयांतील फाइल कन्नडमध्ये चालते. मराठी निवेदन वाचू न शकणारा कारकून ते बाजूला ठेवतो, आणि त्यात नुकसान वाडीतील माणसाचे होते. त्यामुळे आम्ही मूळ निवेदन मराठीत लिहितो आणि त्याला कन्नड प्रत जोडतो. दोन्हींवर त्याच सह्या, तीच तारीख, तेच क्रमांक. कन्नड शाळेत किंवा कॉलेजात शिकलेली गावातील मुले-मुली हे काम चांगले करतात. रूपांतर झाल्यावर दोन्ही भाषा येणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडून ते एकदा वाचून घ्यावे.

गावाचे, वाडीचे आणि रस्त्याचे नाव सरकारी कागदात जसे आहे तसेच लिहावे. बोलण्यातले नाव आणि उताऱ्यावरील नाव यांत फरक असतो, शिवाय एकाच नावाची गावे एकाहून अधिक तालुक्यांत असतात. हलगा हे गाव बेळगाव तालुक्यातही आहे आणि खानापूर तालुक्यातही. गाव, ग्रामपंचायत, तालुका आणि सर्व्हे नंबर हे चारही लिहिले की कागद चुकीच्या जागी जात नाही.

मजकुरात विशेषणे कमी आणि आकडे जास्त असावेत. नमुन्यादाखल सांगायचे तर “पाण्याअभावी ग्रामस्थांचे अतोनात हाल होत असून याकडे त्वरित लक्ष द्यावे” या वाक्यातून अभियंत्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: “वाडीत ४२ घरे आहेत. एकच कूपनलिका असून मार्च ते मे या महिन्यांत ती सकाळी अर्धा तास चालते. जलजीवन मिशनची नळजोडणी झाली आहे, परंतु टाकीपासून वाडीपर्यंतची जलवाहिनी बसवलेली नाही. ती बसवून मिळावी.” जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी अपेक्षित आहे, त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारे पाणी मोजून त्याच्या शेजारी लिहिले तर मागणीला वजन येते. शाळेच्या निवेदनात पटसंख्या, मंजूर पदे आणि भरलेली पदे मुख्याध्यापकांकडून घेऊन लिहावीत आणि एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीचा ठराव जोडावा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याबाबत कलम ३५०-अ आहे, त्याचाही उल्लेख करावा. समाजभवन, बसथांबा किंवा वाचनालय यांसारखी मागणी असेल तर जागा सरकारी किंवा पंचायतीच्या मालकीची असल्याचा उतारा जोडावा. जागेचा कागद नसल्यामुळे मंजूर निधी परत गेल्याचे मी पाहिले आहे.

सोबत दोन छायाचित्रे, ग्रामसभेचा ठराव असल्यास त्याची नक्कल, आणि सह्या जोडाव्यात. सह्यांमध्ये त्या त्या गल्लीतील महिला असाव्यातच. प्रत्येक निवेदनाच्या तीन प्रती काढाव्यात: एक आमदारांना, एक संबंधित अधिकाऱ्याला, आणि तिसरीवर पोच घेऊन ती गावाकडे ठेवावी.

परवाने आणि मंडप

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावी. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो लावता येत नाही, आणि शाळा, दवाखाना व न्यायालय यांच्या भोवतालचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र असू शकते. कर्नाटकात २०१६ पासून फ्लेक्सवर बंदी आहे, म्हणून कापडी फलक वापरावा. फलकावर कन्नड आणि मराठी दोन्ही असावे, कन्नड वरच्या बाजूला. त्यामुळे ऐन वेळी कोणी आक्षेप घेण्याचा प्रसंग येत नाही आणि आपली भाषाही फलकावर राहते. रस्ता अडवून मंडप घालू नये. शाळेचे पटांगण, मंदिराचा सभामंडप किंवा समाजभवन पुरेसे असते. वयस्कर माणसांसाठी खुर्च्या पुढच्या रांगेत ठेवाव्यात आणि पहिली रांग पाहुण्यांसाठी अडवून ठेवण्याची पद्धत बंद करावी.

प्रत्यक्ष कार्यक्रम

स्वागत दहा मिनिटांत संपले पाहिजे. पंच कमिटीने गावाच्या वतीने एकच सत्कार करावा आणि इतर मंडळांनी आपापले सत्कार त्यातच सामावून घ्यावेत, हे आधीच ठरवून त्यावर सर्वांची संमती घ्यावी, कारण मंडपात ऐन वेळी नाही म्हणणे अवघड जाते. ज्या मंडळाला हे पटत नाही त्याच्याशी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी बसून बोलावे.

त्यानंतर पाच मागण्या, प्रत्येकी पाच मिनिटे. मागणी मांडणारी व्यक्ती त्या गल्लीची किंवा वाडीची असावी. पाण्याचा प्रश्न पाणी भरणाऱ्या मावशींनी मांडावा, शाळेचा प्रश्न पालकांनी. बोलणे मराठीत होऊ द्यावे आणि अधिकारी कन्नड भाषक असतील तर दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या तरुणाने प्रत्येक मागणीचा गाभा दोन-तीन वाक्यांत कन्नडमध्ये सांगावा. हा दुभाषी आधी ठरवून त्याच्याकडे निवेदनांची कन्नड प्रत द्यावी. आमच्याकडे एका अभियंत्याला पूर्ण प्रश्न पहिल्यांदा नीट समजला तो अशाच दोन वाक्यांमुळे, आणि त्याने तिथल्या तिथे आराखडा काढून दाखवला.

प्रत्येक मागणीनंतर आमदार किंवा अधिकारी काय म्हणाले ते लिहून घेण्यासाठी दोन माणसे बसवावीत. “बघतो”, “करून देतो” अशी उत्तरे आली तर सूत्रसंचालकाने आदराने विचारावे: “साहेब, हे काम कोणत्या खात्याकडे जाईल आणि आम्ही कोणाला भेटावे?” हा प्रश्न कोणाला टोचत नाही, आणि त्याचे उत्तर मिळाले की पुढचा रस्ता दिसतो. एखादे काम होणार नाही असे आमदारांनी स्पष्ट सांगितले तर त्याचे स्वागत करावे आणि गावकऱ्यांनाही तसेच समजावून सांगावे, कारण त्या नकारामुळे दुसरा मार्ग लवकर शोधता येतो. सीमाप्रश्नावर कोणी बोलू इच्छित असेल तर त्याला शेवटी वेळ द्यावी. त्या विषयाचा मान राखलाच पाहिजे, पण पाच निवेदने त्याखाली दबू देऊ नयेत.

मंडपाच्या प्रवेशाजवळ एक टेबल, एक जाड वही आणि दोन शिकलेल्या मुली किंवा मुले बसवावीत. जो कागद येईल त्याला अनुक्रमांक द्यावा, नाव, विषय आणि फोन क्रमांक लिहावा आणि क्रमांकाची चिठ्ठी अर्जदाराच्या हाती द्यावी. आमदारांच्या हाती थेट गेलेला कागदही स्वीय सहायकांकडून त्याच दिवशी या वहीत नोंदवून घ्यावा. वाडीतील बायकांचे निवेदन ज्या दिवशी हरवले त्या दिवशी आमच्याकडे ही वही नव्हती.

कार्यक्रमानंतरचे काम

तिसऱ्या दिवशी पाच निवेदनांचा गोषवारा, दोन्ही भाषांत, आमदारांच्या कार्यालयात द्यावा आणि प्रत्येक निवेदनावर संबंधित खात्याला पत्र देण्याची विनंती करावी. आमदारांच्या पत्राचा क्रमांक आणि खात्यातील आवक क्रमांक हे दोन्ही वहीत उतरवून घ्यावेत. पुढच्या चौकशीत “आमच्या निवेदनाचे काय झाले” असे विचारू नये. क्रमांक सांगून विचारावे.

काम कोठे अडले हे कळण्यासाठी त्याचे टप्पे माहीत असावे लागतात. प्रथम अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक तयार करतो, मग तांत्रिक मंजुरी, मग प्रशासकीय मंजुरी, त्यानंतर निविदा आणि अखेर कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश. “मंजूर झाले” असे कोणी म्हटले तर कोणती मंजुरी, हे विचारावे. प्रशासकीय मंजुरीनंतरही काम वर्षभर रखडू शकते, आणि भूमिपूजन झाले म्हणजे कार्यादेश निघाला असेच असते असे नाही. वन हद्दीतील रस्त्यांना १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालची परवानगी लागते, त्यामुळे भीमगड अभयारण्याच्या परिसरातील गावांनी त्या फाइलचा पाठपुरावा वन खात्याकडे स्वतंत्रपणे करावा.

महिन्यातून एकदा दोन माणसांनी तालुक्याला जावे, दर वेळी तीच दोन नकोत. तीन महिने उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. कर्नाटकात त्यासाठी १० रुपये शुल्क आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. अर्जात तक्रार करू नये. अंदाजपत्रकाची प्रत आणि फाइलवरील शेऱ्यांची प्रत मागावी. हा अर्ज देण्यापूर्वी आमदारांच्या कार्यालयाला तसे कळवावे. आमच्या अनुभवात त्यामुळे संबंध बिघडले नाहीत, उलट दोनदा त्यांच्याच कार्यालयातून खात्याला दूरध्वनी गेला.

प्रत्येक ग्रामसभेत पाच निवेदनांची स्थिती वाचून दाखवावी आणि त्याची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात घेण्याची विनंती पीडीओंना करावी. काम पूर्ण झाले की वहीतील शेवटच्या रकान्यात तारीख घालून त्या गल्लीतील दोन घरांची सही घ्यावी. पंच कमिटी बदलली किंवा मंडळाचे पदाधिकारी बदलले तर वही, पोच असलेल्या प्रती आणि त्यांची मोबाइलवर काढलेली छायाचित्रे नव्या मंडळींकडे सही घेऊन सोपवावीत, आणि पुढच्या गावभेटीत नव्या मागण्यांआधी जुन्या वहीतील अपूर्ण क्रमांक वाचून सुरुवात करावी.